कोल्हापूर, हुबळी की आपला बेळगावचा खडेबाजार?

सुट्टी लागली की आमच्या गल्लीत दरवर्षी हाच वाद. पोरांना 'मोठा मॉल' बघायचा असतो. बेळगावातला त्यांचा पाठ झालाय, कुठल्या मजल्यावर काय ते डोळे मिटून सांगतात. मग गाडी उत्तरेला कोल्हापूरकडे वळवायची की दक्षिणेला हुबळीकडे? मी दोन्हीकडे घरच्यांना घेऊन जाऊन आलोय, एकदा पुण्यालाही. तुम्ही ठरवत असाल तर दुकानांची नावं बघत बसू नका, ती सगळीकडे तीच. गाडीत मागच्या सीटवर कोण आहे ते बघा.

अंतरात फार फरक नाही. कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर, हुबळी शंभराच्या आतबाहेर. कोल्हापूरच्या वाटेवर हत्तरगी आणि कोगनोळी असे दोन टोलनाके, हुबळीकडे निघालं की हिरेबागेवाडीचा. पण बसने जाणार असाल तर हिशेब पार बदलतो. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजना आहे, त्यामुळे राज्याच्या साध्या बसमधून बायकांना हुबळीपर्यंत तिकीट नाही. आधार कार्ड दाखवायचं, शून्य रुपयाची चिठ्ठी घ्यायची आणि खिडकी पकडायची. आई, बायको आणि दोन मुली असं कुटुंब असेल तर जाण्यायेण्याचा खर्च फक्त तुमचा एकट्याचा. कोल्हापूरच्या आंतरराज्य बसला ही सवलत नाही. शिवाय सीमेवर काही पेटलं की पहिल्यांदा गाड्या थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये तेच झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तेच. निघण्याआधी स्टँडवर चौकशी केलेली बरी.

हुबळीचा अर्बन ओअ‍ॅसिस मॉल गोकुळ रोडवर, कोल्हापूरचा डीवायपी सिटी ताराराणी चौकाजवळ. चकचकाटात डावंउजवं करण्यासारखं फार काही नाही. फरक पडतो तो आत शिरल्यावर तोंड उघडताना. हुबळीत काउंटरवर कन्नड, नाहीतर हिंदी. बेळगाव शहरात वाढलेल्यांना त्याचं काही वाटत नाही, पण खानापूर तालुक्यातून आलेल्या आमच्या आजीला वाटतं. कोल्हापुरात ती स्वतःच पुढे होऊन विचारते, 'हे धुतल्यावर आटतं काय रे?' आणि पोरगा हसून उत्तर देतो. तिच्या दृष्टीने निम्मा मॉल तिथेच वसूल. मराठी सिनेमा बघायचा असला तरी कोल्हापूरच. एखादा शो बुडला म्हणून दिवस वाया जात नाही, पुढचा मिळतो.

आता सरकता जिना. एका मॉलमध्ये, कुठला ते राहू दे, आजी त्या जिन्यासमोर येऊन थबकली. चपला काढून हातात घेतल्या, लुगड्याचा काठ वर खोचला, एक पाय पुढे केला आणि पायरी सरकताच मागे घेतला. मागे पंधरा-वीस माणसं खोळंबलेली. 'मला नको गे, मी हितंच बसतो, तुम्ही या जाऊन.' बसणार कुठे? त्या अख्ख्या मजल्यावर फुकट टेकायला एक बाकडं नव्हतं. खुर्च्या होत्या त्या कॉफीवाल्याच्या. लिफ्ट सापडली ती पार मागे, स्वच्छतागृहाच्या बोळात. तेव्हापासून माझा नियम झालाय: दारातल्या वॉचमनला आधी लिफ्ट विचारायची, मग दुकानं. सण, सेल आणि रविवार एकत्र आले असतील तर म्हाताऱ्या माणसांना नेऊच नका. लहान मुलांचं उलट, त्यांना जिनाच हवा असतो. खेळायच्या जागेचं कार्ड भरताना तेवढं बजेट आधी ठरवा, नाहीतर जेवणाचे पैसे तिथेच संपतात.

जेवण मी मॉलमध्ये घेतच नाही. कोल्हापुरात बाहेर पडून तांबडा-पांढरा, हुबळीत गिरमिट म्हणजे मसाल्याचे चुरमुरे आणि मिरची भजी, आणि परतताना धारवाडच्या लाईन बाजारात पेढा. इथे मात्र मला हुबळीची वाट जास्त आवडते.

'तिकडे स्वस्त मिळतं' यावर विश्वास ठेवू नका. जीएसटी दोन्ही राज्यांत एकच. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के, त्यावर १८, इकडेही आणि तिकडेही. फरक फक्त सेलचा, आणि सेल ब्रँडचा असतो, गावाचा नाही. पिशवीचे वेगळे पैसे लावतात, घरून कापडी न्या.

पुणं म्हणाल तर फिनिक्सचे दोन मॉल, विमाननगरचा आणि वाकडचा. आकाराने त्यांच्यापुढे आपल्याकडचं काहीच टिकत नाही. पण रस्त्याने साडेतीनशेच्या घरात अंतर. हुबळी-पुणे वंदे भारत बेळगावला थांबते खरी, पण ती आठवड्यातून तीनच दिवस, दुपारी पुण्यात पोचते आणि परतीची गाडी त्या दिवशी नसते. म्हणजे मुक्काम आलाच. पुण्यात नातेवाईक असतील तरच. गोवा समुद्रासाठी ठेवा. चोर्ला घाटाच्या वळणांवर पोरं ओकतात आणि पावसाळ्यात तो रस्ता मॉलसाठी पत्करावा असा नाही. पेट्रोल तेवढं तिकडे स्वस्त.

लग्नाचा बस्ता असेल तर मात्र यातलं काहीच नको. बेळगावातच खडेबाजार, गणपत गल्ली, साड्यांना शहापूर. गादीवर मांडी घालून बसायचं, दुकानदार वीस-तीस साड्या उलगडून टाकतो, मध्येच चहा येतो, आजीला पाय पसरता येतात आणि भाव मराठीत, कन्नडमध्ये, हवं तर हिंदीत करता येतो. न आवडलेला रंग चार दिवसांनी बदलून मिळतो, बिल हरवलं तरी, कारण तो तुमच्या मामांना ओळखतो. गैरसोय एकच, गाडी लावायची. शनिवारी तर जाऊच नका, बाजाराचा दिवस. मंगळवारी-बुधवारी अकराच्या आत पोचलात तर आरामात होतं.