आरएक्स १०० ला १३५ चं किट बसवायला गेलो आणि आप्पांचा ब्लॉक गमावला

आप्पांची यामाहा आरएक्स १०० ही मोटरसायकल १९९३ ची. ते गेल्यावर कव्हर घालून ठेवली होती. यंदा बाहेर काढली तर नुसता धूर, ओढ अजिबात नाही, सोलापुरात पार्क चौकातून सात रस्त्यापर्यंत जाईतो प्लग ओला. इंजिन करायचं ठरवलं.

दोन पर्याय होते. आहे तोच ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर) रिबोअर करून, म्हणजे आतून थोडा मोठा कापून, ओव्हरसाईज पिस्टन टाकायचा, नाहीतर यामाहाच्याच मोठ्या आरएक्स १३५ चा ब्लॉक-पिस्टन बसवायचा. १०० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली धाव) ५०. १३५ चा स्ट्रोक तेवढाच, बोअर मात्र ५८. तेवढ्या फरकानं ९८ सीसीचे १३२ होतात. मी १३५ च्या मोहात पडलो.

गॅरेजवाल्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला, तेल लावलेला ब्लॉक माझ्या हातात दिला. "मालक, तुमचा ब्लॉक संपलाय. हा ओरिजिनल १३५. आज नाही घेतला तर उद्या दुसरा नेतोय." साडेएकोणीस हजार सांगितले, पंधरा आगाऊ घेतले. बिल मागितलं तर म्हणाला, "आपल्यात कशाला बिल?" मी गप्प बसलो. तिथंच चुकलो.

दोन दिवसांत गाडी मिळाली. धूर थांबला होता, आवाजही बरा वाटला, उरलेले पैसे देऊन टाकले. पाचव्या दिवशी बायकोला घेऊन तुळजापूरला निघालो. वाटेत इंजिन सीझ झालं आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक झालं. हात आपोआप क्लचवर गेला म्हणून दोघं वाचलो. मागून ट्रक येत होता.

टेम्पोत घालून गाडी अशोक चौकातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे आणली. त्यांनी हेडचे चार नट काढले, बोअरमध्ये व्हर्नियर लावला आणि मलाच वाचायला सांगितलं. ५१. "हा १०० चाच ब्लॉक आहे, तोही शेवटच्या ओव्हरसाईजला पोचलेला. आता स्लीव्हच, आतली नळीच, बदलावी लागेल. आणि पिस्टन इतका टाईट बसवलाय की गरम झाल्यावर जाम होणारच." मग त्यांनी इंजिनचे माउंटिंग बोल्ट दाखवले. त्यांवरची जुनी माती तशीच घट्ट होती, पान्याचा एक ओरखडा नाही. "१३५ चा ब्लॉक बसवायचा तर ब्लॉक ज्यावर बसतो त्या खालच्या केसचं तोंड लेथवर मोठं करावं लागतं. इंजिन खाली उतरल्याशिवाय ते कसं होणार?"

त्यानंतर माझं लक्ष ब्लॉकच्या फिन्सकडे, म्हणजे थंडाव्यासाठी बाहेरून असलेल्या पात्यांकडे गेलं. गड्ड्याच्या यात्रेत एकदा आप्पांची गाडी गर्दीत आडवी झाली होती. तेव्हा उजवीकडची खालून दुसरी फिन टोकाला मोडली होती. लहानपणी त्या मोडक्या कडेवरून मी बोट फिरवत बसायचो. या ब्लॉकच्या सगळ्या फिन्स शाबूत होत्या. म्हणजे १३५ मिळाला नाहीच, वर आमचा ब्लॉकही गेला. आप्पांनी तो एकदाही बोअर केलेला नव्हता. पाव-पाव मिलिमीटरचे चार रिबोअर त्यात शिल्लक होते. १९९६ ला उत्पादन बंद झालेल्या गाडीच्या अशा ब्लॉकला काय भाव येतो, हे त्या गॅरेजवाल्याला पक्कं ठाऊक होतं.

विचारायला गेलो तर, "भंगारात गेला."

तुमची गाडी उघडायच्या आधी ब्लॉकचे चारी बाजूंनी फोटो काढा, पंचनं एक बारीक खूण करा. हेड उतरल्यावर समोर उभं राहून बोअर मोजून घ्या, आपला आधी, नवा नंतर. बिलावर मिलिमीटरमध्ये माप लिहून घ्या आणि काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून घरी आणा. माझं मत विचाराल तर आपला ब्लॉक रिबोअरला पुरत असेल तर १३५ च्या नादी लागूच नका. आरसीवर ९८ सीसी आणि खाली १३२ असं परवानगीशिवाय करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. अपघात झाला तर विम्याचा क्लेमही अडकू शकतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सोलापुरात कुणाला आरएक्स १०० चा जुना, स्टँडर्ड बोअरचा ब्लॉक विकायला आला तर उजवीकडची खालून दुसरी फिन तेवढी बघा. मोडलेली असेल तर मला कळवा. मागतील ती किंमत देऊन घेईन.