तीन किलोवॉट सोलर: पॅनल उत्तम, केबलने घात केला

पॅनल चांगले निघाले, अनुदानाचे 78 हजार खात्यात आले, नेट मीटरही (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) लागला. त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही. रडगाणं आहे ते ऐन दुपारी ग्रिडपासून (वीज कंपनीच्या लाइनपासून) सुटणाऱ्या इन्व्हर्टरचं, म्हणजे पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणाऱ्या डब्याचं.

स्वच्छ उन्हात 3 किलोवॉटला दिवसाला साधारण 12 युनिट धरतात. इथे गाडी 8-9 च्या पुढे जाईना. वेंडरचं ठरलेलं उत्तर, "साहेब, धूळ बसली असेल." पॅनल धुतले, अर्धा युनिटही वाढलं नाही. ॲपमधला आलेख साडेअकरा ते दोन नुसता करवतीच्या दात्यांसारखा, आणि दर दात्याला एकच नोंद: ग्रिड ओव्हरव्होल्टेज. नियमाने 253 व्होल्टच्या वर गेलं की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत सुटायचं आणि व्होल्टेज स्थिरावल्यावर किमान 60 सेकंद थांबून पुन्हा जोडायचं. म्हणजे बिचारा नेमून दिलेलंच काम करत होता. रेटिंगमध्ये त्याचा कापलेला एक स्टार परत देतो.

भर दुपारी सोलर चालू ठेवून मल्टिमीटर दोन ठिकाणी लावा. इथे मीटरपाशी 249, इन्व्हर्टरच्या एसी टर्मिनलवर 256. मधले 7 व्होल्ट केबलचे! गच्चीपासून मीटरपर्यंत 35 मीटर, 4 स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियम. फेज-न्यूट्रल मिळून 70 मीटर, रोध अर्ध्या ओहमहून थोडा जास्त, करंट 12 अँपिअर. करा गुणाकार. एवढ्या मोठ्या कामात वेंडरला काटकसर सुचली ती नेमकी इथे. वर म्हणतो, "सेटिंग 270 करून देतो." मुळीच करू देऊ नका, नियम तर मोडतोच, पण मग मीटरपाशी व्होल्टेज खरंच चढलं तरी इन्व्हर्टर सुटणार नाही आणि ते घरातल्या फ्रीज-टीव्हीलाही जाईल.

10 स्क्वेअर एमएम तांब्याची केबल टाकली, दोन्ही टोकांना लग (धातूच्या टोप्या) दाबून घट्ट क्रिंप केले. फरक दीड व्होल्टवर आला, युनिट 12 वर.

मुळात मीटरपाशी 249 हेही जास्तच. 230 वर 6 टक्के, म्हणजे 244 पर्यंतच चालतं. पण आपल्याकडच्या ट्रान्सफॉर्मरची घरांकडची बाजू दोन फेजमध्ये 433 व्होल्टची, म्हणजे लोड नसताना एका फेजला 250. ट्रान्सफॉर्मर जवळ असेल आणि दुपारी गल्ली रिकामी असेल, तर हे होणारच. वीज कंपनीला अर्ज देताना रीडिंगचे वेळेसकट फोटो जोडा. ट्रान्सफॉर्मरला टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) असेल तर तो बदलायची मागणी करा. तोवर पंप, वॉशिंग मशीन, गीझर बारा ते दोनमध्ये चालवा. 2 किलोवॉटचा गीझर लागला की बाहेर जाणारी वीज घटते आणि मीटरपाशीच व्होल्टेज उतरतं.