जळगावातला जर्मनचा क्लास: मॅडम भारी, कूलर बंद

पाचपैकी साडेतीन. मॅडमना पाच दिले असते, पण बाकीच्यांनी घालवले.

मी भुसावळचा. जळगावात आयसीयूला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आहे. नाइट ड्यूटी उतरली की थेट क्लासला. जर्मनीत नर्सिंगला जर्मन भाषेची बी-टू लेव्हल लागते म्हणून हा सगळा खटाटोप.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी फळ्यावर लांबलचक शब्द लिहिला, 'क्रांकनश्वेस्टर', आणि मधोमध खडूची रेघ मारली. क्रांकन म्हणजे आजारी माणसं, श्वेस्टर म्हणजे बहीण. "षष्ठी तत्पुरुष, शाळेत केलाय ना?" लगेच खाली क्रांकनहाउस लिहिलं. हाउस म्हणजे घर. रुग्णालयच की! तिथून शब्दांची भीती गेली ती गेलीच.

मी विचारलं, मग मी कोण, क्रांकनब्रुडर? मागून आवाज आला, "अय भो, तू क्रांकनभाऊ!" आता येण्याजाण्याच्या शटल गाडीतही हेच नाव पडलंय. पण तिकडे भाऊ चालत नाही. पुरुष नर्सला 'क्रांकनप्फ्लेगर' म्हणायचे, आजाऱ्यांची काळजी घेणारा. (तो प्फ काही केल्या तोंडात बसत नाही.)

बहीण आली कुठून? तर मठातून. आजाऱ्यांची सेवा जोगिणी करायच्या, त्या एकमेकींना सिस्टर म्हणायच्या. पुढे 1836 मध्ये जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या कायझर्सवर्थला फ्लीडनर नावाच्या पाद्र्यानं प्रोटेस्टंट बायकांसाठी अशीच संस्था काढली, त्याही श्वेस्टरच. 1851 मध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेल तिथं शिकून गेली. तिचा फोटो आमच्या कॉलेजात रोज बघायचो, हे कोणी सांगितलं नव्हतं. 2004 पासून सरकारी कागदावरून बहीण गेली, 2020 पासून नवीन पदवी बाईला 'प्फ्लेगेफाखफ्राउ' आणि पुरुषाला 'प्फ्लेगेफाखमान'. पेशंट मात्र अजून श्वेस्टरच म्हणून हाक मारतात, आपल्याकडे सिस्टर म्हणतात तसं.

आता गाऱ्हाणी. वीस जणांची बॅच सांगून पस्तीस कोंबलेत. मे महिन्यात कूलर बंद, वर पंखा गरम हवा फिरवतोय. झेरॉक्स इतकी फिकट की उमलाउटची, म्हणजे स्वरावरची, दोन टिंबं दिसतच नाहीत, मी चार शब्द चुकीचे पाठ केले. परीक्षेची फी वेगळी, हे पैसे भरून झाल्यावर कळलं.

जाणाऱ्यांनी आधी एक दिवस फुकट बसून बघा, फीचं लेखी घ्या, आणि सकाळची बॅच धरा. खिडकीकडचं बाक माझं आहे.