स्पार्टाचे हेलॉट आणि अथेन्सचे गुलाम

प्राचीन ग्रीसमधल्या या दोन नगरराज्यांत स्पार्टाचे हेलॉट, म्हणजे जमिनीला बांधलेले वेठकरी शेतकरी, आणि अथेन्सचे गुलाम; स्वातंत्र्य दोघांनाही नव्हतं, पण ते हिरावण्याची रीत वेगळी होती. अथेन्समध्ये माणूस बाजारात विकत मिळे. थ्रेस, सिथिया, आशिया मायनरमधून आणलेला, नात्यागोत्यापासून तुटलेला. इ.स.पू. ५९४च्या सुमारास अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याने कर्जापायी नागरिकाला गुलाम करणं थांबवलं. गरीब अथेन्सकर वाचला, पण मला वाटतं, त्याच्या सुटकेची किंमत पुढे परक्यांनी मोजली. घरकाम करणाऱ्या किंवा कारागिरीत असलेल्या गुलामाचं थोडंफार निभावे; लॉरिऑनच्या चांदीच्या खाणीत उतरलेल्याचे हाल विचारू नयेत.

हेलॉट मात्र आपल्याच मातीत राहिले. शेजारचा मेसेनिया प्रांत जिंकून स्पार्टाने तिथल्या लोकांना जमिनीला बांधलं. पिकाचा ठरलेला वाटा धन्याला द्यायचा, उरलेल्यावर जगायचं. घरदार, मुलंबाळं, देवदैवतं शाबूत. आणि हीच स्पार्टाची धास्ती होती, कारण एकत्र राहणारी माणसं एकत्र उठतात. म्हणून एफोर, म्हणजे स्पार्टाचे निवडून आलेले वरिष्ठ अधिकारी, दरवर्षी हेलॉटांविरुद्ध युद्ध पुकारत, म्हणजे त्यांना मारणं पाप ठरू नये. कायद्याने पवित्र केलेला खून! याहून थंड क्रौर्य मला ठाऊक नाही.

उठावांतही हा फरक दिसतो. इ.स.पू. ४६४च्या भूकंपानंतर हेलॉटांनी इथोमे डोंगरावरून वर्षानुवर्षं झुंज दिली. अथेन्सचे गुलाम पळून जात; अथेन्सजवळचं डेकेलिया हे ठाणं शत्रूच्या, म्हणजे स्पार्टाच्या, हाती गेल्यावर २० हजारांहून अधिक निसटल्याची समकालीन नोंद आहे. मेसेनियाच्या हेलॉटांना मात्र इ.स.पू. ३६९मध्ये मेसेने हे स्वतःचं शहर मिळालं.