आधी लिली की कॅरी?

विसाव्या शतकाच्या तोंडावरची अमेरिका, एकटी बाई आणि प्रेमाची परवड. या वळणाची एकच कादंबरी वाचायला सवड असेल तर माझ्या मते निवड दोघींत आहे: ईडिथ व्हॉर्टन यांची 'द हाउस ऑफ मर्थ' (१९०५) आणि थिओडोर ड्रायझर यांची 'सिस्टर कॅरी' (१९००). पुढे दोन्हींचे शेवट फोडले आहेत, तेव्हा जपून.

प्रेमकथा हवी असेल तर 'द हाउस ऑफ मर्थ'ची नायिका लिली बार्ट. वय २९, न्यूयॉर्कच्या धनिकांत ऊठबस, पण गाठीला दमडी नाही. सेल्डन हा वकील तिला मनापासून आवडतो. त्याच्या मिळकतीत आपलं भागणार नाही हेही ती जाणते. आळीपाळीने दोघंही कच खातात. मला राग येतो तो सेल्डनचा. रात्री एका विवाहित पुरुषाच्या घरातून तिला बाहेर पडताना तो पाहतो आणि काही न विचारता परदेशी निघून जातो. त्याच पुरुषाचे नऊ हजार डॉलर लिलीच्या डोक्यावर असतात. आत्याने ठेवलेले दहा हजार हाती येताच ती त्या देण्याचा चेक लिहून ठेवते, आणि त्याच रात्री झोपेचं औषध जास्त होतं. चुकून की मुद्दाम, ते शेवटपर्यंत कळत नाही.

कॅरी मीबर १८ वर्षांची, विस्कॉन्सिनहून शिकागोला आलेली. बुटांच्या कारखान्यात आठवड्याला साडेचार डॉलर. त्यातले चार बहिणीच्या घरी राहण्या-जेवण्याचे. आधी फिरता विक्रेता ड्रूए, मग बारचा मॅनेजर हर्स्टवुड. पण जीव जडावा असं कुणीच नाही. इथली शोकांतिका हर्स्टवुडची. मालकाची तिजोरी उघडी दिसते. तो दहा हजारांवर डॉलर काढतो, परत ठेवतो, पुन्हा काढतो, आणि पैसे हातात असतानाच तिजोरीचं कुलूप खट्कन बसतं. एवढ्या पानांसाठीसुद्धा पुस्तक वाचावं. पुढे न्यूयॉर्कमध्ये तो भिकेला लागतो आणि कॅरी रंगभूमीवर नाव काढते. 'वाहवलेल्या' बाईला शिक्षाच नाही, हे त्या काळी पचलं नाही; प्रकाशकानेही पुस्तक छापलं ते नाइलाजाने.

व्हॉर्टनबाईंची वाक्यं लांब आणि तिरकस; रोझडेल या ज्यू श्रीमंताचं चित्रण आज खुपतं. ड्रायझर सोपे, पण मध्येच प्रवचन झोडतात. ते खुशाल गाळा.

माझा कौल लिलीला. नोकरी, घरभाडं, शहर यांत जास्त रस असेल तर मात्र कॅरी. दोन्ही पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.