मिसकॅरेजनंतर लगेच ट्राय करायचं की थांबायचं? दोन्ही बाजू घरातच बघितल्यात

मला दोन डॉक्टरांनी दोन उत्तरं दिली. पहिल्या मॅडम म्हणाल्या सहा महिने विचारसुद्धा करू नका, पिशवीला आराम द्या. दुसऱ्या, ज्यांच्याकडे मी नुसते रिपोर्ट दाखवायला गेले होते, त्या म्हणाल्या एक पाळी येऊन गेली की तुमची तयारी असेल तर करा चालू. सासूबाईंचं तिसरंच, वर्षभर तरी थांब गं, हे पण बाळंतपणच असतं. माझं आठव्या आठवड्यात कळलं, वाढ सहाव्यातच थांबलेली, ठोके आलेच नव्हते. माझ्या जावेचं त्याच वर्षी दहाव्या आठवड्यात गेलं. तिने एक पाळी झाल्यावर लगेच ट्राय केलं, मी पाच महिने थांबले.

आधी एक गोष्ट. हे सगळं पहिल्या तीन महिन्यात आपोआप गेलेल्या प्रेग्नन्सीबद्दल आहे. ट्यूबमध्ये गर्भ राहिला होता आणि मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन घेतलंय तर निदान तीन महिने थांबायलाच लागतं, ते औषध फॉलिक ॲसिडच्या विरुद्ध काम करतं. मोलर प्रेग्नन्सी (गर्भाऐवजी वारेचीच विचित्र वाढ होते ती) असेल तर बीटा एचसीजीचा, म्हणजे प्रेग्नन्सीच्या हार्मोनच्या रक्ततपासणीचा, फॉलोअप पूर्ण होऊन डॉक्टर सोडेपर्यंत नाहीच. तिथे लगेच की नंतर हा प्रश्नच नाही.

आता ते सहा महिने आले कुठून? मी रात्र रात्र जागून हेच शोधत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली तज्ज्ञांची बैठक घेतली, त्यात गर्भपातानंतर निदान सहा महिने अंतर ठेवा असं ठरलं. ते मुख्यतः लॅटिन अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या माहितीवर आधारलेलं होतं आणि त्यात आपोआप झालेले आणि करून घेतलेले गर्भपात वेगळे काढलेलेच नव्हते. नंतर २०१० मध्ये स्कॉटलंडमधल्या तीस हजारांहून जास्त बायकांचे रेकॉर्ड तपासले तर उलटंच निघालं, सहा महिन्यांच्या आत ज्यांना परत दिवस गेले त्यांच्यात पुन्हा मिसकॅरेज व्हायचं प्रमाण कमी होतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या हजारावर जोडप्यांचा अभ्यास आला, तीन महिन्यांच्या आत ट्राय चालू करणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांना बाळ झालं, जास्त थांबलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना. नॉर्वेचा २०२२ चा अभ्यास तर मिसकॅरेजनंतरच्या जवळपास ४९ हजार बाळंतपणांचा, त्यातही तीन महिन्यांच्या आत राहिलेल्यांना जास्त धोका दिसला नाही.

पण म्हणून लगेच केलं की चान्स वाढतो असं धरून चालू नका हं. जी बाई लगेच ट्राय करू शकते तिची तब्येत आधीच बरी असणार, तिला पटकन दिवस जात असणार, त्यामुळे आकडे तिच्या बाजूने झुकतातच. मला यातून एवढंच कळलं की नुसतं थांबल्याने पिशवी जास्त तयार होते वगैरे काही नाही. त्या सहा महिन्यांमुळे मी उगाच घाबरले होते, राग येतो अजून.

तरी एक पाळी येऊ द्या हे मला पटतं आणि त्याला कारण आहे माझ्या बाथरूममधलं किट. मिसकॅरेजनंतर साधारण साडेतीन आठवड्यांनी, पाळी अजून आली नव्हती, मी कोणाला न सांगता किट आणून टेस्ट केली आणि फिकट गुलाबी दुसरी रेघ आली, म्हणजे अगदी लाईटखाली तिरकी धरून बघावी लागत होती पण होती. मी ते किट टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये घेऊन दिवसभर ऑफिसात बसले. रक्त तपासलं तर बीटा ३८, दोन दिवसांनी १९. म्हणजे नवीन काही नाही, जुनंच उतरत होतं. ते हार्मोन पूर्ण जायला कित्येकदा महिनाभर किंवा जास्तही लागतो आणि ओव्हुलेशनच्या किटलाही ते फसवतं. जावेने पाळीची वाट बघितली म्हणून तिच्यावर ही वेळ आली नाही. पाळी बहुतेक चार ते सहा आठवड्यांत येते, तारीखही धरता येते. समजा त्याआधीच राहिलं तर घाबरायचं काही नाही, सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून आठवडे कळतात.

आणि जिला थांबायचंय तिने हे नीट लक्षात ठेवा, पाळी यायच्या आधीच, अगदी दोन आठवड्यांत सुद्धा, बीज सुटू शकतं. म्हणजे थांबायचं ठरवलं तर निरोध पहिल्यापासून वापरायला लागतो, "आत्ता काही होत नाही" हे खरं नाही. (ब्लीडिंग चालू असेपर्यंत, साधारण पहिले एक-दोन आठवडे, इन्फेक्शन होऊ नये म्हणून तसंही दूर राहायला सांगतात.) क्युरेटिंग झालंय आणि पाळी सहा-आठ आठवडे झाले तरी आली नाही, किंवा आली पण आधीपेक्षा एकदम थेंब-थेंबच, तर दाखवून या, पिशवी आतून चिकटलेली असू शकते.

मग मी का थांबले? रक्त. माझं हिमोग्लोबिन ८.६ झालं होतं, गोळ्या घेऊन घरी सगळं पडलं तेव्हा दोन दिवस खूपच गेलं, तिसऱ्या दिवशी जिना चढताना मधेच बसले. आपल्याकडे हे नवीन नाही, सरकारच्याच २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. जावेचं ११.८ होतं, तिला थांबायचं काही कारणच नव्हतं. म्हणजे आमच्या दोघींचे निर्णय वेगळे वाटले तरी फरक एका पंधरा मिनिटांच्या तपासणीचा होता, आणि ती करायला दोन्ही डॉक्टरांपैकी एकीनेच सांगितलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर एवढं तरी बघून घ्या. फॉलिक ॲसिड आजपासूनच, ट्राय चालू करायच्या आधी निदान महिनाभर गेलेलं बरं. थायरॉइड किंवा शुगर वर असेल तर ते जागेवर येईपर्यंत थांबणं हे खरं थांबणं. रुबेलाची लस राहिली असेल तर ती घेऊन एक महिना.

टेस्टवरून आठवलं, टॉर्च नावाची जी मोठी महागडी रक्ततपासणी सर्रास लिहून देतात ती मी पण केली, काही हजार घातले, हाती काही नाही. एका मिसकॅरेजनंतर एवढा शोध घ्यायची गरज नसते, कारण साधारण निम्म्या केसेसमध्ये गर्भाच्याच गुणसूत्रांत गडबड असते, ती पुढच्या वेळी असेलच असं नाही. म्हणजे पपई नाही, गाडीवरून गेलीस ते नाही, वरच्या कपाटातून डबा काढलास ते पण नाही (हे तिन्ही मला ऐकवलेत, डबा तर मी काढलाही नव्हता). पण दोनदा गेलं असेल तर मात्र रिपोर्टसाठी थांबण्यात अर्थ आहे. अँटिफॉस्फोलिपिडची (रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडीजची) टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ती निदान बारा आठवड्यांनी परत करून खात्री करतात, तिथे तीन महिने खरोखर कामाचे आहेत, आणि ते निघालं तर उपचारही आहे.

वय हा दुसरा मोठा फरक. नॉर्वेच्याच २०१९ च्या एका अभ्यासात पंचविशी ते तिशीच्या बायकांमध्ये दहातली साधारण एक प्रेग्नन्सी जात होती आणि पंचेचाळीसनंतर निम्म्याहून जास्त. तेव्हा अठ्ठाविशीतल्या मुलीने सहा महिने सोडले तर फारसं काही जात नाही, पण अडतिसाव्या वर्षी "सगळं सेट झाल्यावर बघू" म्हणणं महाग पडू शकतं. तिथे मी लगेचच्याच बाजूने आहे, रक्त ठीक असेल तर.

मनाचं सांगणं अवघड आहे. सगळे म्हणतात थांब, मन सावरू दे, पण महिने मोजून मन सावरतं असं मला तरी दिसलं नाही. लंडनच्या डॉक्टरांनी अशा बायकांना विचारलं तर महिनाभराने २९ टक्क्यांना त्या धक्क्याचा त्रास होत होता आणि नऊ महिन्यांनीही १८ टक्क्यांना होताच. जाऊ दुसऱ्याच महिन्यात राहिली आणि पहिले बारा आठवडे दर वेळी बाथरूमला गेली की आधी कपडे तपासायची, मला म्हणाली मी लघवीला जायलाच घाबरते. मी पाच महिने थांबून राहिले तेव्हा मी पण तेच केलं, अगदी तसंच. म्हणजे भीती कमी झाली नाही. पण त्या पाच महिन्यांत मला झोप परत आली, आणि नवरा, जो तोपर्यंत फक्त "पाणी पिलीस का" एवढंच विचारायचा, तो तिसऱ्या महिन्यात सिग्नलला गाडी थांबलेली असताना एकदम म्हणाला, मी त्या सोनोग्राफीचा फोटो फोनमधून काढला नाहीये अजून. मागचे हॉर्न वाजवत होते. ते बोलणं झालं नसतं तर मी नसते केलं परत ट्राय. जावेकडे हे पहिल्या आठवड्यातच झालं होतं, दोघं खूप रडले, म्हणून ती लवकर उभी राहिली असावी. झोप नाही, जेवण नाही, नको नको ते विचार येतात असं असेल तर ट्रायचं राहू दे बाजूला, १४४१६ या टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा, मराठीत बोलता येतं.

ऑफिसचं थोडक्यात. मिसकॅरेजनंतर सहा आठवडे पगारी रजेची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे, डॉक्टरांचा दाखला द्यावा लागतो. मला एचआरने हे सांगितलं नाही, मी सिक लीव्ह घातल्या आणि नंतर परत ट्राय करताना एकही शिल्लक नव्हती. लगेच ट्राय करणार असाल तर या सुट्ट्या आधी मागून घ्या.

घरच्यांना किती सांगायचं हे पण यात येतं. जावेने परत ट्राय करतोय हे सगळ्यांना सांगितलं, मग दर महिन्याला "काय गं, काही?" मी कोणाला काही नाही सांगितलं, तर सासूबाई डिंकाचे लाडू पाठवून गप्प बसल्या, ते मला परवडलं.

आणि परत रेघ आली की मग लगेच की उशिरा याला काही अर्थ राहत नाही, दोघींनाही पुढचं सारखंच. फक्त सोनोग्राफीला पळू नका. जाऊ साडेपाचव्या आठवड्यातच गेली, ठोके दिसले नाहीत, दहा दिवसांनी परत या म्हणाले, ते दहा दिवस घरात कोणी धड जेवलं नाही, आणि सातव्यात ठोके छान दिसले, आता पोरगी दीड वर्षाची आहे. ते बघून मी दुखणं नाही, ब्लीडिंग नाही म्हणून अपॉइंटमेंट सातवा आठवडा पूर्ण झाल्यावरची घेतली, आणि तोपर्यंत फाईल कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकून दिली. डब्याच्या शेजारीच.