समुद्रकिनाऱ्यावर घोड्याची रपेट, सूर्यास्त आणि जेवण: रपेट एक नंबर, जेवण काठावर पास

ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. रपेट झकास, सूर्यास्त काय आयोजकांच्या हातात नाही, आणि जेवण फोटोत दिसतं तसं अजिबात नाही. जेवण सोडून नुसती रपेट मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. आम्हाला तसा ऑप्शन दिला नाही, सगळं एकाच पॅकेजमध्ये गुंडाळलेलं होतं.

मी, ताई आणि दाजी असे गेलो होतो. घोड्यावर बसायची सवय तिघांनाही नाही, मी थोडंफार शिकलोय एवढंच. तर हा रिव्ह्यू नवशिक्यांच्या नजरेतूनच आहे, ज्यांची मांड पक्की आहे त्यांना ही सहल थोडी संथ वाटेल.

बुकिंगपासूनच मला ही मंडळी पटली, आणि तेही त्यांनी नाही म्हटलं म्हणून. आम्हाला हवी असलेली तारीख त्यांनी दिलीच नाही. फोनवरच्या बाई म्हणाल्या त्या दिवशी सूर्यास्ताच्या वेळेलाच भरती आहे, किनारा उरत नाही, एक आठवड्याने या. मला आधी वाटलं हे काहीतरी कारण काढतायत, पण हिशोब बरोबर आहे. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आज सूर्यास्ताला भरती असेल तर आठवड्याने त्याच वेळेला ओहोटी सापडते. आणि ओहोटी का हवी, तर पाणी नुकतंच ओसरलेली ओली वाळू घट्ट असते, घोड्याला टाप टाकायला बरी पडते. वरच्या कोरड्या मऊ वाळूत पाय रुततो आणि प्रत्येक पावलाला पायाच्या शिरांवर ताण येतो, तिथे तासभर माणसं वाहून नेणं म्हणजे घोड्याची वाट लावणं. त्यामुळे जे लोक वर्षभर रोज एकाच ठरलेल्या वेळेला सनसेट राईड विकतात त्यांना एकच प्रश्न विचारा, भरती असेल त्या दिवशी काय करता? उत्तर देताना अडखळले तर दुसरीकडे बघा.

तबेल्यावर पोचल्यावर पहिलं काम वजनकाटा! दाजींचा चेहरा पडला. फॉर्ममध्ये त्यांनी जे वजन भरलं होतं ते बहुतेक लग्नातलं असावं. ताई म्हणाली, "अहो, राहा उभे, कोणी हसत नाहीये," आणि स्वतःच हसत होती. पण गाईडने फार सभ्यपणे घेतलं, म्हणाला साहेब हे तुमच्यासाठी नाही, घोड्यासाठी आहे. सर्वसाधारण नियम असा की माणूस आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या वर जाऊ नये. म्हणजे ५०० किलोच्या घोड्यावर १०० किलो, त्यात १०-१५ किलो खोगिराचेच गेले. अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीने २००८ साली आठ घोड्यांवर यावर अभ्यास केला होता, त्यात २५ आणि ३० टक्के वजन लादल्यावर घोड्यांचे स्नायू दुखावल्याचं दिसलं. दाजींना मग तबेल्यातला सगळ्यात दांडगा घोडा मिळाला आणि नंतर फोटोत तेच सगळ्यात रुबाबदार दिसले, त्यामुळे त्यांची तक्रार मिटली.

घोडे कसे होते हे मी मुद्दाम बघितलं, तुम्हीपण बघा. फासळ्या मोजता येत नव्हत्या, खोगीर ठेवतात तिथे केस गेलेले किंवा पांढरे चट्टे नव्हते, खरारा केलेला होता, पाण्याच्या टाक्या भरलेल्या होत्या. एका घोड्याला त्या दिवशी बाहेर काढलंच नाही कारण तो मागचा पाय जरा राखून टाकत होता. गिऱ्हाईक समोर उभं असताना घोडा घरी ठेवणं हे सोपं नाहीये, मानलं. हेल्मेट घोडेस्वारीचीच होती, सायकलची नाही, हनुवटीचा पट्टा स्वतः ओढून बघितला त्यांनी. फक्त हेल्मेटच्या आतलं अस्तर घामाने ओलं होतं. आधीच्या ग्रुपचा घाम डोक्यावर घ्यायला कोणाला आवडेल, पातळ टोपी सोबत न्या.

चढताना लाकडी पायरीवरून चढवतात, जमिनीवरून उडी मारू देत नाहीत. कारण असं की एका बाजूने लटकून चढलं की सगळा भार घोड्याच्या पाठीवर तिरका येतो. मग प्रत्येकाच्या रिकिबी (पाय अडकवायच्या कड्या) मापून दिल्या, आणि थोडं चालवून झाल्यावर थांबून सगळ्यांचे तंग (खोगीर बांधायचे पोटाखालचे पट्टे) परत आवळले. हे परत आवळणं फार महत्त्वाचं, कारण सुरुवातीला बरेच घोडे पोट फुगवून उभे राहतात आणि चालायला लागले की तंग सैल पडतो. मग खोगीर फिरलं की स्वार खाली. जिथे हे करत नाहीत तिथे स्वतः सांगा, लाजू नका.

मला एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची घोडी मिळाली. स्वभावाने शांत, पण झाडीतून जाताना दर चार पावलांना मान खाली घालून गवत ओढायचा प्रयत्न. गाईड मागून ओरडायचा, लगाम आखूड धरा, ती तुम्हाला जोखतेय. आणि खरंच, एकदा ठामपणे मान वर घेतल्यावर तिने नाद सोडला.

किनाऱ्यावर आल्यावर मात्र नाटक सुरू झालं. सगळे घोडे फेसाच्या रेघेपाशी येऊन थबकले. लाट मागे जाते तेव्हा पायाखालची जमीनच सरकतेय असं दिसतं, आपल्यालाही गरगरतं, आणि घोड्याला तर कपाळाच्या अगदी समोरचं आणि पायाशी असलेलं नीट दिसतच नाही. बाकी जवळजवळ ३५० अंश दिसतं त्याला, म्हणजे तुम्ही मागच्या मागे पिशवीतून चिप्सचं पाकीट काढलं तरी त्याला कळतं (एकाने काढलं होतं, त्याचा घोडा जो बाजूला उडाला!). गाईडने काय केलं, सगळ्यात म्हातारा घोडा पुढे घातला. तो निवांत पाण्यात शिरला आणि त्याच्यामागून बाकीचे मुकाट्याने. आम्हाला सांगितलं खाली पाण्याकडे बघू नका, लांब बघा, तुम्ही जिकडे बघता तिकडे तुमचं अंग वळतं आणि घोडा ते ओळखतो. गुडघ्याच्या वर पाण्यात नेलं नाही. काही लोकांना पोहणारे घोडे हवे होते, ते या पॅकेजमध्ये नाही.

वेगाबद्दल. बहुतेक वेळ साधी चाल, ताशी सहा-सात किलोमीटर. मग दुडकी, म्हणजे चालीपेक्षा थोडी वेगवान, उसळती धाव. दुडकीत उठबस (घोड्याच्या ठेक्यावर खोगिरावरून उठणं-बसणं) जमली नाही तर ढुंगणाचे हाल होतात, स्पष्टच लिहितो, आणि आपल्यापेक्षा जास्त हाल घोड्याच्या पाठीचे. म्हणून आधी रिंगणात दुडकीवर सगळ्यांची उठबस बघितली आणि ज्यांना जमली त्यांनाच पुढे थोडीशी दौड दिली. ताईला नाही दिली, ती जरा नाराज झाली. एक मुलगा सारखा म्हणत होता भरधाव सोडा, पैसे भरलेत, तर गाईड म्हणाला पैसे रपेटीचे भरलेत, दवाखान्याचे नाही. दौडसुद्धा तबेल्याच्या उलट दिशेलाच दिली, कारण घराकडे तोंड असलं की घोडे आपोआप वेग घेतात आणि नवशिक्याला मग आवरत नाहीत. माझी दौड मोजून मिनिटभराची असेल, पण ओल्या वाळूवर टापांचा तो तीन ठोक्यांचा ठेका आणि तोंडावर खारा वारा, त्यासाठी मी परत पैसे भरीन.

परतल्यावर एक बाई घाबरून म्हणाल्या, याच्या मानेला फेस आलाय, आजारी आहे का? तर नाही, घोड्याच्या घामात लॅथेरिन नावाचं प्रोटीन असतं, लगाम जिथे घासतो तिथे त्याचा साबणासारखा फेस होतो. हे गाईडला माहीत होतं आणि त्याने हसून समजावलं, झिडकारलं नाही.

आता सूर्यास्त. जाहिरातीत काय दाखवतात, घोड्यावर बसलेली बाई, समोर लालबुंद सूर्य, सगळं स्थिर. प्रत्यक्षात असं होतं की संध्याकाळी वारा समुद्रावरून येतो आणि घोड्यांना वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायला आवडतं. आपल्याला समोर सूर्य हवा, त्यांना हवा मागे. मग सगळी रांग हळूहळू फिरते आणि आपण मान मोडून मागे बघतोय. पुन्हा वळवायचं, पुन्हा ते फिरणार. शेवटी गाईडने सगळ्यांना खाली उतरवलं आणि घोडे धरून उभं केलं, ते सगळ्यात बेस्ट झालं. क्षितिजाला टेकल्यापासून सूर्य दोन-तीन मिनिटांत गडप होतो, त्यामुळे मोबाईलची सेटिंग आधी करून ठेवा. आणि टेकलेला दिसतो तेव्हा तो खरं तर आधीच खाली गेलेला असतो, हवेतून प्रकाश वाकतो म्हणून आपल्याला वर दिसतो. दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, म्हणजे आपण नसलेल्या सूर्याचे पैसे दिले. त्यात आणखी भर म्हणजे घोड्यांना लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही, त्यामुळे आम्ही आ वासून जो रंग बघत होतो त्याचं माझ्या घोडीला काडीचं कौतुक नव्हतं. ती माझ्या बाहीला नाक पुसत होती.

सूर्य गेल्यावर लगेच निघालो, संधिप्रकाशातच तबेला गाठला. टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवायला लावले. घोड्याला कमी उजेडात आपल्यापेक्षा बरंच चांगलं दिसतं, पण उजेडातून अंधाराला सरावायला त्याच्या डोळ्यांना वेळ लागतो, मध्येच फ्लॅश मारला की सगळं मुसळ केरात. ढगाळ दिवस असेल तर पैसे परत मिळत नाहीत, विजा किंवा जोराचा वारा असेल तर तारीख बदलून देतात, हे नीट वाचून घ्या.

इथपर्यंत पैकीच्या पैकी मार्क. आता जेवण.

जेवणाची जागा किनाऱ्यावरच, कंदील, पांढरे पडदे, आणि बसायला जमिनीवर गाद्या नि उशा. ज्या कोणी हे डिझाईन केलं तो घोड्यावर कधी बसलेला नाही, हे मी लिहून देतो. रपेटीनंतर मांड्यांच्या आतल्या बाजू अशा धरतात की मांडी घालून बसणं सोडाच, खाली वाकणंसुद्धा जमत नाही. दाजी खाली बसले ते बसले, उठवायला दोन वेटर लागले. ताईने ताट हातात घेऊन उभ्यानेच जेवण केलं. गादी फोटोसाठी आहे, माणसांसाठी नाही.

शिवाय ही वेळच चुकीची आहे. दिवसभर समुद्रावरून येणारा वारा सूर्यास्तानंतर पडतो आणि जमिनीवरचा वारा सुरू व्हायला वेळ लागतो. त्या मधल्या स्तब्ध हवेत वाळूतल्या बारीक माश्या आणि डास बाहेर पडतात, आणि नेमकं तेव्हाच आम्हाला ताटावर बसवलं. घोटे फोडून काढले. मलम मागितलं तर नव्हतं. हात धुवायला साबण-पाण्याऐवजी सॅनिटायझरची बाटली फिरवली, आता लगाम, आयाळ, घाम, सगळं हाताला लागलेलं असताना सॅनिटायझरने काय होणार? तबेल्यावर पाण्याचा नळ होता, तिथे आधीच हात धुवायला सांगायला काय जात होतं.

पदार्थ म्हणाल तर निखाऱ्यावर भाजलेलं जे होतं ते चांगलं होतं, समोर भाजून गरम दिलं. बाकी सगळं आधीच करून झाकून ठेवलेलं, कोमट, आणि दातात वाळू. शाकाहारी लोकांना सॅलड आणि ब्रेडवर भागवावं लागलं.

एक गोष्ट मात्र जेवणापेक्षा मला जास्त आवडली. आम्ही ताटावर बसायच्या आधी मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारी मंडळी घोड्यांचे पाय आणि पोटाखालचा भाग गोड्या पाण्याने धुवत होती. खारं पाणी तंगाखाली सुकलं की कातडी सोलवटते, म्हणून. आधी घोडे धुतले, त्यांना पाणी पाजलं, आणि मगच ती माणसं स्वतः जेवायला गेली. टीप द्यायची असेल तर त्यांच्या हातात द्या, टेबलावरच्या डब्यात टाकू नका.

फोटोवाला वेगळे पैसे घेतो, फोटो ठीक आहेत, पण निम्म्यांत घोड्याचं डोकं कापलेलं. दौडीच्या वेळी मोबाईल काढू देत नाहीत, त्याबद्दल वाद घालू नका. लांब पॅन्ट घाला, शिवण मांडीच्या आत जाड असेल ती जीन्स नको. बुटाला थोडी टाच हवी, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार सरकतो. सँडल घालून आलेल्या एका जोडप्याला तबेल्यातले जुने बूट घालावे लागले आणि ते कोणालाच बसत नव्हते.

निघताना मॅनेजरला गाद्यांबद्दल बोललो. ऐकून घेतलं, आणि म्हणाला बहुतेक लोक गादीवरचा फोटो बघूनच बुकिंग करतात साहेब. खुर्च्या आहेत म्हणाला, पण दोनच, आणि बुकिंग करताना फॉर्मवर लिहिलं तरच मिळतात. तर लिहा.